सड्यावरून वेळ आणणारे महिपतभाऊ

महिपत नाटेकर एस.टी.तून निवृत्त होऊन वाडीत परत आले तेव्हा त्यांच्याबरोबर एक ट्रंक, एक छत्री आणि एक मनगटी घड्याळ होतं. ट्रंक आणि छत्री वाडीला लगेच समजली. घड्याळ समजायला वेळ लागला, कारण ते बरोबर चालत होतं.

आमच्या वाडीत बरोबर चालणारं घड्याळ ठेवण्याची पद्धत नाही. वेळणेश्वर आणि हेदवी यांच्या मध्ये डोंगराच्या कुशीत ही वाडी. समोर खाडीचं तोंड, बाकी तिन्ही बाजूंना चढ. गुहागरला जाणारी सकाळची गाडी वरच्या रस्त्यावर येते आणि ती चुकली की तालुक्याचं काम दुसऱ्या दिवसावर जातं. म्हणून पूर्वी कोणा शहाण्याने घरातलं घड्याळ दहा मिनिटं पुढे केलं. त्याचं बघून शेजाऱ्याने केलं. आता सगळ्या वाडीची घड्याळं दहा मिनिटं पुढे आहेत, आणि ती पुढे आहेत हे सगळ्यांना माहीत असल्यामुळे प्रत्येक जण दहा मिनिटं वजा करून निवांत चहा पितो आणि गाडी चुकवतो. मोबाईल आले तेव्हा मला वाटलं, आता हे थांबेल. लोकांनी मोबाईलच्या आत शिरून तिथलीही वेळ दहा मिनिटं पुढे केली. दुसऱ्याच्या घड्याळात वेळ बघितली की मनातल्या मनात दहा मिनिटं कमी करायची आणि त्याला तसं बोलून दाखवायचं नाही, ही आमच्याकडची सभ्यता. होड्यांचं म्हणाल तर त्या भरती-ओहोटी बघून जातात-येतात, आणि समुद्राची वेळ पुढे-मागे करण्याचा ठराव अजून तरी कोणी मांडलेला नाही.

अशा वाडीत महिपतभाऊ आले. त्यांची सगळी नोकरी एका स्टँडवर वाहतूक नियंत्रक म्हणून झाली. खिडकीत बसायचं आणि कोणती गाडी केव्हा आली, केव्हा सुटली ते लिहायचं.

"गाडी वेळेवर आणणं माझं काम नव्हतं," ते मला एकदा म्हणाले. "ती केव्हा आली ते बरोबर लिहिणं, हे माझं काम."

सरकारी नोकरीचं याहून प्रामाणिक वर्णन मी ऐकलेलं नाही.

त्यांना वेळ विचारणं ही एक शिक्षा होती. कोणी रस्त्यातून जाता जाता विचारी, "भाऊ, किती वाजले असतील?"

"असतील म्हणजे? आहेत ते सांगतो." मग खिशातून चष्मा निघे, मनगट उजेडाकडे फिरे आणि सेकंदकाटा वर येईपर्यंत भाऊ थांबून राहत. विचारणारा तोवर वळणापलीकडे गेलेला असे. त्यांच्या तोंडी 'सुमारे', 'साधारण', 'असेल' असले शब्द नसत. हौसावहिनी, म्हणजे त्यांची बायको, म्हणायच्या, "लग्नाला किती वर्षं झाली ते विचारा. आज सांगायचे नायत, उद्या हिशोब करून सांगतील."

हे सगळं गमतीचं होतं तोपर्यंत ठीक होतं. पण मग आमच्या मच्छिमार सोसायटीत शमिकाचं प्रकरण निघालं.

शमिका ही आमच्या वाडीतल्या दीपकची बायको. माहेर लांजा. दीपक मुंबईत नोकरीला, ती इथे सासूजवळ. सोसायटीच्या ऑफिसात डिझेल आणि बर्फाच्या पावत्या करते, होड्यांचे कागद तयार करते, ऑनलाइन अर्ज भरते. थोडक्यात, चेअरमन, व्हाइस चेअरमन आणि कमिटी मिळून जे काम करते असं अहवालात छापलेलं असतं, ते सगळं. इतकी वर्षं ती हे काम तात्पुरती म्हणून करत होती. यंदाच्या वार्षिक सभेत तिला कायम करायचं की काढून टाकायचं, हे ठरायचं होतं. काढलं तर ती लांज्याला परत जाऊन काजू फोडायला बसणार होती. लग्नाआधी ती तेच करत असे. काजूच्या चिकाने तिच्या बोटांची सालं गेलेली मी लग्नात, तिच्या हातावर मेंदी असतानाही, पाहिली होती. त्यामुळे तिला कायम होणं म्हणजे काय, हे मला कोणी समजावून सांगायला नको होतं.

तिला कायम करायला हरकत एकच होती. चेअरमन संदेश यांच्या बहिणीचा मुलगा दीपेश चिपळूणला कॉम्प्युटरचा कोर्स करून मोकळा झाला होता.

अर्थात चेअरमनसाहेब असं कधी म्हणाले नाहीत. ते मुंबईत एका कंपनीत बरीच वर्षं काढून आलेले, त्यामुळे ते म्हणाले, "सिस्टिम पाहिजे." सिस्टिम अशी की, तात्पुरत्या कर्मचाऱ्याने सकाळी नऊच्या आत कॉम्प्युटर सुरू करून आपलं नाव घालायचं. कॉम्प्युटर ती वेळ आपोआप नोंदवतो. नऊच्या पुढे गेली की लाल रंगात उशीर. उशीर फार झाले की नोकरीला अपात्र. हा नियम जानेवारीत झाला आणि मे महिन्यापर्यंत शमिकाच्या नावापुढे इतका लाल रंग जमला की तो कागद लांबून लग्नपत्रिकेसारखा दिसत होता.

शमिका रोज शाळेची पहिली घंटा व्हायच्या आत ऑफिसच्या पायरीवर असे. हे सगळी वाडी बघत होती. पण वाडीचं बघणं सिस्टिममध्ये बसत नव्हतं.

"साहेब, त्या कॉम्प्युटरचं घड्याळ पुढं पळतंय," ती म्हणाली.

"कॉम्प्युटर चुकत नाय गो," चेअरमन म्हणाले. "माणूस चुकतं."

"मग त्याला कोणी बरोबर वेळ सांगायला नको?"

"तो इंटरनेटवरनं विचारून घेतो."

हे खरं होतं. कॉम्प्युटर आठवड्यातून एकदा आपण होऊन इंटरनेटला वेळ विचारतो, तशी त्याला शिकवणच असते. अडचण एवढीच की, आमच्याकडे इंटरनेटची लाईन खांबाखांबांवरून डोंगर ओलांडून येते आणि वाटेत माकडं, माड आणि रस्त्याचं काम यांना भेटून येते. ती केव्हा यायची ती येई, घटकाभर राही आणि जाई. कॉम्प्युटर ज्या वेळी विचारायला जाई त्या वेळी लाईन नसे आणि लाईन येई तेव्हा कॉम्प्युटरची विचारायची वेळ टळलेली असे. दोघांची गाठ कधी पडली तर पडली. एरवी तो बिचारा स्वतःच्या अंदाजाने पुढे धावत असे आणि रोज थोडा थोडा करत नऊच्या आत आलेल्या बाईला नऊनंतर आणून सोडत असे.

शमिकाच्या उशिराचा विचार करायला कमिटीची बैठक बोलावली. मी त्या कमिटीत आहे. का आहे ते मलाही नीट माहीत नाही; बहुधा न बोलणारा एक तरी सभासद लागतो म्हणून. बैठक चार वाजता होती. चारला मी आणि शिपाई सखाराम असे दोघे जण होतो. साडेपाचला व्हाइस चेअरमन आले. सहाच्या पुढे चेअरमन आले आणि खुर्चीत बसता बसता म्हणाले, "तर विषय शिस्तीचा आहे."

चर्चेत असं ठरलं की घड्याळावर देखरेखीला एखादा त्रयस्थ माणूस नेमावा. शमिकाला घड्याळाला हात लावू द्यायचा नाही, कारण तिचा त्यात फायदा. फोनवर विश्वास ठेवायचा नाही, कारण फोनमध्ये कोणीही काहीही करतं, आणि हे कमिटीला अनुभवाने माहीत होतं. तेव्हा व्हाइस चेअरमन म्हणाले, "आपले महिपतभाऊ आहेत की. वेळेचाच माणूस." पगार नसल्याने नेमणूक एकमताने झाली.

मला वाटलं होतं, भाऊ मानाची खुर्ची समजून बसतील आणि पेपर वाचतील. पण त्या माणसाने ते काम खरोखरच करायला घेतलं. आमच्या सोसायटीच्या इतिहासात असा प्रकार पूर्वी घडलेला नव्हता, त्यामुळे सगळे थोडे घाबरले.

वाडीत मोबाईलला रेंज नाही. ती मिळते वर सड्यावर, म्हणजे डोंगराच्या सपाट माथ्यावर, जुन्या चिरेखाणीच्या काठाशी, जिथे कातळाखेरीज काही नाही. भाऊ पहाटेचं आटोपून चढ चढत, खाणीच्या काठावर उभे राहत, आपला साधा बटणांचा फोन बंद करून परत सुरू करत आणि रेंज आल्यावर त्याने जी वेळ दाखवली तिच्याशी मनगटावरचं घड्याळ जुळवत. फोन नुसते मिनिटांचे आकडे दाखवतो, म्हणून आकडा बदलण्याच्या क्षणाची वाट बघत. मग खाली उतरून ऑफिसात येत आणि कॉम्प्युटर किती पुढे गेला आहे ते बघत.

मी एकदा त्यांच्याबरोबर गेलो होतो. वर पोचल्यावर मला धाप लागली. भाऊ फोनकडे टक लावून उभे.

"आलं का?" मी विचारलं.

"थांबा, अण्णा. वेळ यायची आहे."

डिझेल आणायला लोक गुहागरला जातात, बर्फ आणायला रत्नागिरीला जातात. वेळ आणायला डोंगर चढणारा माणूस मी पहिल्यांदाच पाहिला.

पहिले काही दिवस त्यांनी कॉम्प्युटरला हातच लावला नाही. नुसता फरक कॅलेंडरच्या जुन्या पानांच्या पाठीवर लिहीत राहिले. चेअरमन वैतागले. "अहो, पुढं आहे ना? मग मागं करा आणि मोकळे व्हा."

"आज मागं केला तर उद्या परत पुढं जाईल," भाऊ म्हणाले. "रोज किती पळतो ते आधी कळलं पाहिजे. मग सड्यावर जायला नाय मिळालं, लाईन नाय आली, तरी सांगता येईल आज किती मागं घ्यायचा."

त्यांना असं आढळलं की कॉम्प्युटर चालू असताना पुढे पळतो आणि रात्री बंद असताना जरासा मागे रेंगाळतो. "बंद असतो तेव्हा आतला सेल वेळ सांभाळतो, तो म्हातारा आहे. सुरू झाला की दुसरं यंत्र सांभाळतं, ते तरणं," असं त्यांनी मला समजावलं. मी मान हलवली. कमिटीतल्या एवढ्या वर्षांत ती कला मला चांगली अवगत झाली आहे.

शेवटी त्यांनी आठवड्याची चाल काढली. दर सोमवारी कॉम्प्युटर आठवडाभराच्या पळण्याच्या निम्म्याने मागे ठेवायचा. म्हणजे सुरुवातीला जरा मागे, मधल्या वारी बरोबर, शेवटी जरा पुढे. फार चुकीचा कधीच नाही. मधे लाईन आलीच तर शमिका हाक मारी, भाऊ धावत येत आणि वेळ विचारण्याचं बटण तिच्याकडून दाबवून घेत. इंटरनेटची वेळ आणि आपला हिशोब यांत किती फरक पडला ते बघून कधी खूश होत, कधी दिवसभर गप्प असत. पाऊस लागल्यावर कॉम्प्युटरची चाल बदलली, तो उन्हाळ्यापेक्षा कमी पळू लागला. भाऊंनी सगळं पुन्हा पहिल्यापासून मांडलं.

सोमवारची एकच अडचण होती. वेळ बदलायला पासवर्ड लागे आणि तो चेअरमननी स्वतःकडे ठेवला होता. त्यामुळे अकराच्या आत ऑफिसचं तोंड न बघणाऱ्या चेअरमनना दर सोमवारी नऊच्या आत यावं लागे. ते डाव्या हाताने कीबोर्ड झाकत आणि उजव्या हाताच्या एका बोटाने एकेक अक्षर शोधत, ते मोठ्याने पुटपुटत दाबत. त्यामुळे पासवर्ड फक्त चेअरमनना आणि त्या वेळी ऑफिसात असलेल्या सगळ्यांना माहीत होता.

जून, जुलै, निम्मा ऑगस्ट. शमिकाच्या नावापुढे लाल रंग उगवला नाही. ती तीच बाई, तीच पायरी, तीच शाळेची घंटा. चेअरमन म्हणाले, "बघा, शिस्त लावली की लागते."

आणि मग एका सोमवारी सकाळी सड्यावरून उतरताना भाऊंचा पाय शेवाळावरून सटकला. घोटा सुजून भोपळ्यासारखा झाला. कसेबसे घरी आले, पडवीत आडवे झाले, पण डोक्यात ऑफिस. त्यांनी सखारामला बोलावलं आणि मनगटावरचं घड्याळ काढून त्याच्या हातात दिलं.

"आत्ताच वर लावून आणलंय. बरोबर आहे. यात दिसेल तीच वेळ साहेबांना कॉम्प्युटरात घालायला सांग. माझा हिशोब मी उठल्यावर बघतो."

"व्हय भाऊ," सखाराम म्हणाला. तिथे मी होतो, मीही ऐकलं. आणि जे पुढे घडलं त्यात कोणाचीही वाईट बुद्धी नव्हती, हे मी शपथेवर सांगू शकतो. सगळी घडामोड सभ्यपणामुळे झाली.

सखाराम ऑफिसात गेला. त्याने घड्याळ बघितलं. बरोबर आहे असं भाऊ म्हणाले होते, पण आपलं घड्याळ बरोबर आहे असं कोण म्हणत नाही? सखारामने रीतीप्रमाणे मनातल्या मनात दहा मिनिटं वजा केली आणि उरलेली वेळ चेअरमनना सांगितली. चेअरमननी विचारलं, "ही कुठल्या घड्याळातली?" "महिपतभाऊंच्या," सखाराम म्हणाला. भाऊंच्या घरातलं भिंतीवरचं घड्याळ वहिनींनी दहा मिनिटं पुढे ठेवलेलं चेअरमननी पाहिलेलं होतं. त्यांनीही म्हाताऱ्या माणसाचा अपमान नको म्हणून काही न बोलता दहा मिनिटं वजा केली आणि पुटपुटत पासवर्ड दाबला.

कॉम्प्युटर वीस मिनिटं मागे गेला आणि भाऊ पुन्हा ऑफिसात येईपर्यंत, म्हणजे पुढचे दोन आठवडे, तिथेच राहिला. लाईन तर आलीच नाही. शमिकाने सांगितलं नाही का? सांगितलं. "साहेब, आता मागं चाललाय." चेअरमन म्हणाले, "पुढं असला तरी तुझी तक्रार, मागं असला तरी तुझी तक्रार."

वार्षिक सभा सप्टेंबरात, शाळेच्या मोठ्या खोलीत झाली. सभेच्या नोटिशीतच लिहिलेलं असतं की कोरम न झाल्यास अर्ध्या तासाने त्याच जागी सभा घेतली जाईल आणि तिला कोरम लागणार नाही. त्यामुळे सगळे त्या दुसऱ्या सभेलाच येतात. भाऊ मात्र घोट्याला फडकं बांधून पहिल्या सभेला आले आणि मोकळ्या बाकांकडे बघत बसले. मी त्यांच्या शेजारी बसलो. शमिका दाराशी उभी होती. तिचा विषय शेवटचा होता आणि ती पहिल्यापासून उभी होती.

विषय आल्यावर चेअरमन उठले. त्यांच्या हातात कॉम्प्युटरमधून काढलेला कागद होता.

"मंडळी, मला बोलायला वाईट वाटतं," ते आनंदाने म्हणाले. "सखाराम कुलूप नऊला पाच-दहा मिनिटं असताना उघडतो. त्याच्या आधी आत कोणी जाऊ शकत नाही. पण या कागदावर ऑगस्टमध्ये दोन आठवडे बाईंची वेळ पावणेनऊच्याही आधीची आहे. कुलूप बंद असताना त्या आत कशा गेल्या? भुतासारख्या? याचा अर्थ घड्याळ चांगलं वीस मिनिटं मागं घेतलं गेलं. बाईंच्या फायद्यासाठी. आणि घड्याळाची जबाबदारी कोणाकडे होती, ते तुम्हांला माहीत आहे."

खोलीतली सगळी डोकी आमच्या बाकाकडे वळली. मी उगाच माझ्या नखांकडे बघितलं.

महिपतभाऊ उठले. दुखऱ्या पायावर उभं राहताना त्यांनी बाकाची कड धरली. "मी त्या दिवशी घरी पडून होतो. घड्याळ सखारामाजवळ दिलं. ते सड्यावर लावलेलं होतं."

"म्हणजे घड्याळ चुकलेलं होतं," चेअरमन म्हणाले.

"माझं घड्याळ चुकलेलं नव्हतं."

त्यांनी हे अगदी हळू सांगितलं. सखाराम मागे भिंतीला टेकून उभा होता. तो डोकं खाजवत पुढे आला.

"चुकलेलं नव्हतं साहेब. दहा मिन्टं पुढं होतं, जसं सगळ्यांचं असतं तसं. म्हणून मी दहा कमी करून सांगितली. भाऊंना वाईट वाटेल म्हणून बोललो नाय."

खोलीत हसू पसरलं. आवडाबाई पुढच्या बाकावर बसल्या होत्या. वय झालं तरी अजून गुहागरच्या बाजारात मासे विकतात, आणि सभेत त्यांच्या आवाजाला माईक लागत नाही.

"काय रे सखारामा, कागदावर किती मागं गेलंय म्हणतात?"

"वीस, काकी."

"मग दहा तू खाल्लीस. दुसरी दहा कोणी खाल्लीन?"

चेअरमननी कागदाची घडी घातली, उलगडली, परत घातली. त्यांचे कान लाल झाले. वाडीतल्या प्रत्येकाला ठाऊक होतं की वेळ सखारामने सांगितली आणि चेअरमननी घातली, मधे तिसरं कोणी नव्हतं.

"संदेशा," आवडाबाई म्हणाल्या, "तूपण भाऊंचा मान राखलास ना?"

"तो मुद्दा सोडून देऊ," चेअरमन म्हणाले. "ते दोन आठवडे आपण धरतच नाही. मोठ्या मनाने सोडले." मोठं मन दाखवायला थोडा वेळ जाऊ देऊन ते पुढे म्हणाले, "पण जानेवारी ते मे? ते उशीर तर कागदावर आहेत. तेव्हा घड्याळ बघायला भाऊ नव्हते, सखाराम नव्हता, कोणी नव्हतं. तेव्हा घड्याळ पुढं होतं हे कोण सांगणार? महिपतभाऊ, तुम्ही जाणकार. तुम्हीच सांगा. त्या दिवसांत कॉम्प्युटर किती पुढं होता? तुम्ही सांगाल ते सभेला मान्य."

हे चेअरमननी फार हुशारीने केलं. भाऊंना अख्खी वाडी ओळखत होती.

भाऊ उभेच होते. मला त्यांचं काम थोडंफार माहीत झालेलं असल्यामुळे त्यांच्या मनात काय चाललंय ते दिसत होतं. कॉम्प्युटर पळत होता यात शंका नव्हती. पण थंडीत किती पळत होता, उन्हाळ्यात किती, मधे कधी लाईन आणि कॉम्प्युटर यांची गाठ पडून तो आपोआप सुधारला, कितीदा सुधारला, हे कोणीही लिहून ठेवलेलं नव्हतं. खरं उत्तर 'माहीत नाही' असं होतं. आणि 'माहीत नाही' म्हटलं की शमिकाने लांज्याच्या गाडीत बसायचं होतं. दीपेश मागच्या बाकावर नवा शर्ट घालून बसला होता. तो पोरगा तसा वाईट नाही. त्याला बहुधा मामानेच बसवलं होतं.

शमिका दारातून भाऊंकडे बघत नव्हती. ती आपल्या हातांकडे बघत होती.

भाऊंनी खिशातून चष्मा काढला. लावला. मनगटाकडे बघितलं, जणू जानेवारीची वेळ तिथे दिसणार होती. मग चष्मा काढून परत खिशात ठेवला.

"साधारण," ते म्हणाले आणि थांबले. "साधारण दहा-बारा मिनिटं पुढं असेल."

सभेने सुटकेचा श्वास घेतला. साधारण, दहा-बारा, असेल. हे सभेच्या ओळखीचे शब्द होते. लोकांना हिशोब चटकन पटला. दहा-बारा वजा केले की कागदावरचा जवळजवळ सगळा लाल रंग पुसला जात होता, आणि दहा वजा करायची तर आमच्या लोकांना जन्माची सवय. आवडाबाईंनी ठराव मांडला, चारपाच जणांनी एकदम अनुमोदन दिलं. शमिका कायम झाली. चेअरमन म्हणाले की आपण पहिल्यापासून याच मताचे होतो, सभेपुढे सगळ्या बाजू याव्यात एवढीच इच्छा होती. टाळ्या झाल्या. दीपेशनेही वाजवल्या.

परत येताना मी भाऊंबरोबर होतो. ते लंगडत चालत होते.

"दहा की बारा, अण्णा?" ते मधेच म्हणाले.

"काय?"

"मी दहा-बारा म्हटलं. दहा की बारा?"

"मला काय माहीत?"

"मलापण नाय माहीत," ते म्हणाले. "नियंत्रकाने असं बोलायचं नसतं."

मी त्यांच्या दंडाला धरून चालू लागलो.

पुढच्या सोमवारी भाऊ सड्यावर गेले नाहीत. चेअरमनही नऊच्या आत आले नाहीत, कारण नियम तात्पुरत्या कर्मचाऱ्यांसाठी होता आणि सोसायटीत आता तात्पुरतं कोणी उरलं नव्हतं. कायम माणसाने वहीत सही करायची, वेळ हवी ती लिहायची. म्हणजे भाऊंनी काम इतकं चांगलं केलं की त्या कामाचीच गरज संपली. कॉम्प्युटर पुन्हा मोकळा धावू लागला आणि त्याचं कोणाला काही वाटेना. भाऊ पडवीत बसून असत. पायाचं निमित्त सांगत, पण पाय बरा झाला होता.

असे काही सोमवार गेले. एका सोमवारी सकाळी मी त्यांच्याकडे बसलो होतो, तेव्हा शमिका ऑफिसला जाता जाता पडवीशी थांबली.

"भाऊ, चला. लाईन आली हाय."

"माझी नेमणूक संपली. तू कायम झालीस, आता काय त्याचं?"

"मी कायम झाले. तो कॉम्प्युटर कुठे कायम झालाय? पळतोय अजून. आज लई पुढं गेलाय."

"किती?" भाऊंनी विचारलं. नको विचारायला असं त्यांना वाटत असावं, पण तोंडून निघून गेलं.

शमिकाने पदर खोचला आणि अगदी गंभीर चेहऱ्याने सांगितलं, "असेल साधारण सात-आठ मिन्टं."

भाऊ तिच्याकडे बघत राहिले. "सात-आठ म्हणजे?"

"म्हणजे सात. नायतर आठ. असंच कायतरी."

"असंच कायतरी?" भाऊ उठले. एक चप्पल पायात, दुसरी पायरीखाली गेलेली, ती काठीने ओढत म्हणाले, "लाईन जायच्या आत चल. आणि मी आल्याशिवाय बटण दाबू नको. आधी फरक बघायचा असतो, मग बटण. किती वेळा सांगितलं तुला?"

दोघं उतारावरून गेली. आतून हौसावहिनी म्हणाल्या, "आता हा ठेवलेला चहा कोणी प्यायचा?"

तो मी प्यायलो.